शिकागोतली मगरिब आणि साडेपाचचा वर्ग

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारचे बारा वाजून एकवीस मिनिटं. मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ परवेजचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत त्याची बायको कौसर लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर तेवीस ओळींचा तक्ता होता. ती एक ओळ उघडायची, त्यातलं शहराचं नाव वाचायची, वेळ वाचायची, ओळ बंद करायची. सकाळपासून तिची ही तिसरी फेरी होती. आणखी नऊ मिनिटांनी शिकागोमध्ये रात्रीचे दोन वाजणार होते आणि तिथली सगळी घड्याळं त्याच क्षणी एक तास मागे जाणार होती.

मंगरूळपीरमध्ये घड्याळ वर्षभर एकच वेळ दाखवतं. कौसरचं काम मात्र जिथे घड्याळ बदलतं अशा गावांशी आहे. अकोल्याहून चालणारी एक संस्था परदेशातल्या मुलांना व्हिडिओवर कुरआन वाचायला शिकवते. शिकवणाऱ्या नऊ बायका मंगरूळपीर आणि जवळच्या मालेगाव, कारंजा इथे आपापल्या घरातून शिकवतात. मुलं त्रेचाळीस: अमेरिकेत तेवीस, ब्रिटनमध्ये चौदा, ऑस्ट्रेलियात सहा. छत्तीस वर्षांची कौसर पूर्वी त्यांतलीच एक शिक्षिका होती. गेली तीन वर्षं ती वेळापत्रक आणि मेल सांभाळते.

मेल ती स्वतः पाठवत नाही. तक्त्यात वेळ भरली की पुढचं काम यंत्र, म्हणजे मेलचं सॉफ्टवेअर, करतं. वर्गाच्या अर्धा तास आधी पालकांना आणि शिक्षिकेला एक मेल जाते, तिच्यात त्या दिवसाच्या वर्गाची लिंक असते. ही लिंक त्याच वेळी तयार होते. त्याआधी, कौसरने हाताने काढून दिली नाही तर, वर्ग उघडत नाही. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि मूल आलं नाही, तर दुसरी मेल सुटते: ‘आज आपलं मूल वर्गाला गैरहजर होतं.’ ही मेल पालकांना जाते आणि तिची प्रत अकोल्याला संस्थेचे मालक एजाज यांना जाते.

गेल्या मार्चमध्ये अशा नऊ मेल एकाच पहाटे सुटल्या. यंत्रावर संस्थेचं खातं उघडताना त्यात भारतातली वेळ धरली होती. खात्यातल्या शहरांच्या यादीत मुंबई नाही, दिल्ली नाही. भारत म्हणजे कोलकाता. शिक्षिका इथल्या, म्हणून तक्ता इथल्या वेळेचा, इतका साधा हिशेब होता. अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे गेली. मुलं त्यांच्या सहाला येऊन बसली, वर्ग त्यांच्या सातला उघडला, आणि तोवर उठून गेलेल्या नऊ मुलांच्या घरी गैरहजेरीची मेल गेली. दिवस रमजानचे होते. दोन कुटुंबांनी संस्था सोडली.

एजाज यांनी तेव्हा आवाज चढवला नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं: नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतील तेव्हा एकही खोटी गैरहजेरी गेली, तर मेलचं काम डिसेंबरपासून हैदराबादच्या एका कंपनीकडे जाईल. कौसरची उर्दू शाळेतली कंत्राटी नोकरी पाच वर्षांपूर्वी संपली होती. घरात बसून करता येईल असं, तिच्या शिक्षणाला धरून असलेलं दुसरं काम मंगरूळपीरमध्ये नव्हतं.

सगळा ऑक्टोबर तिने तक्ता उलटा करण्यात घालवला. प्रत्येक ओळीत आता मुलाच्या गावची वेळ होती. त्यासाठी प्रत्येक घराला शहर विचारावं लागलं. उत्तरं आली: ‘अमेरिका.’ ‘मागच्यासारखंच.’ ‘मशिदीजवळ.’ अॅरिझोनातल्या फिनिक्समधल्या एका वडिलांनी लिहिलं की आमच्याकडे घड्याळ कधीच बदलत नाही आणि हे मी तिसऱ्यांदा कळवतो आहे. शहर विचारणारी मेलही यंत्रच पाठवत होतं, आणि तिला थांबवायचं कौसरच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या रविवारी शेजारच्या कॉम्प्युटर सेंटरचा हरीओम दारात येऊन उभा राहिला. संस्थेचं खातं तीन वर्षांपूर्वी त्यानेच उघडून दिलं होतं.

“काय भाभी, गेलं का अमेरिकेचं घड्याळ मागं?”

“न्यूयॉर्कचं साडेअकराले गेलं. शिकागोचं आता जाते. कॅलिफोर्नियाचं अडीचले जाईन.”

“म्हंजे एका देशाचं एका टायमाले नाई?”

“नाई. तुले माहीत पायजे होतं थे. कोलकाता कोनं टाकलं होतं खात्यात?”

“घ्या! तीन साल झाले, अजून कोलकाताच काढून राह्यल्या तुमी.” हरीओम हसला. “मी काय मुद्दाम टाकलं का? त्या यादीत मंगरूळपीर असतं तर थेच टाकलं असतं.”

दुकानात इंझोरीचे जानराव आपला पंप दुरुस्त व्हायची वाट पाहत बसले होते. त्यांनी आतल्या बाजूला मान वळवली.

“काहून घेतात पोरी थे घड्याळ मागं?”

“उजेड वाचवाले म्हनतात काका.”

“आन् तुले त्याचा एवढा ताप?” जानराव म्हणाले. “आमाले मोटरले लाईन एक हप्ता दिवसाची देतात, एक हप्ता रातची. आमी वावर ओलायचा टाइम बदलतोच ना. मेल नाई येत कोनाची.”

“तुमचं बरं आहे काका. कपाशीची पऱ्हाटी गैरहजर राहत नाई.”

“राह्यते नं. यंदा अर्धी उगवलीच नाई.”

परवेज हसला, हरीओम हसला. कौसर पडद्याकडे वळली. साडेबाराला लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं शिकागोचं घड्याळ एक एकोणसाठवरून पुन्हा एकवर आलं. तिने शिकागोतल्या ओळी उघडल्या. त्यांतली एक यूसरा नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची होती: वर्ग संध्याकाळी सहा, मेल साडेपाच. यंत्राने शेजारी भारतातली वेळ दाखवली: मेल सोमवारी पहाटे पाच, वर्ग साडेपाच. शनिवारपर्यंत हाच वर्ग साडेचारला होत होता. घड्याळ तासभर मागे, म्हणून इथला वर्ग तासभर उशिरा. हिशेब बरोबर होता. तिने स्वतःला एक चाचणी मेल पाठवून पाहिली, तीही बरोबर आली. रात्री नऊला ती झोपली.

सोमवारी पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. मालेगावहून नसीम बोलत होती. यूसराची शिक्षिका तीच. नसीम आणि कौसर मालेगावच्या एकाच मराठी शाळेत शिकलेल्या, नसीम दोन वर्ग मागे. म्हणून ती अजून बाजी, म्हणजे ताई, म्हणते.

“बाजी, लिंक नाई आली. दहा मिन्टं झाले बसून.”

“कोनती लिंक?”

“यूसराची. शिकागोची.”

“नसीम, तिचा वर्ग आजपासून साडेपाचले आहे. अमेरिकेचं घड्याळ मागं गेलं. यादी पाठवली होती नं मी?”

“पाठवली होती. पन तिच्या अम्मीनं...”

“अम्मीनं काय का म्हटलं असंन. सिस्टम बराबर आहे. पाचले मेल येईन, साडेपाचले वर्ग. झोप जराशी.”

नसीमने फोन ठेवला. कौसर उठून बसली, पण तिने मेलपेटी उघडली नाही. उघडली असती तर शिकागोहून यूसराच्या आईची मेल दिसली असती. ती चार वाजून अडतीस मिनिटांनी आली होती: आम्ही पाचपासून बसलो आहोत, लिंक कुठे आहे? त्या मेलला एक मिनिटाच्या आत उत्तरही गेलं होतं. यंत्रानेच दिलं होतं: आपला संदेश मिळाला, कार्यालयीन वेळेत, सकाळी दहा ते सायंकाळी सहा दरम्यान, आपल्याला उत्तर दिलं जाईल.

पाच वाजता दोघींना लिंक गेली. मग फजरची अजान झाली. साडेपाचला वर्ग उघडला. नसीम एकटी आत होती. पाच चाळीसला दुसरी मेल सुटली आणि शिकागोच्या आईला कळवण्यात आलं की आज आपलं मूल वर्गाला गैरहजर होतं. प्रत एजाज यांना.

सहा मिनिटांनी आईचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता, फक्त वेळा होत्या. पाचला बसलो. पाच पंचवीसपर्यंत थांबलो. साडेपाचला मेल आली तेव्हा आम्ही गाडीत होतो. मुलीला पोहण्याच्या शिकवणीला न्यायचं होतं. ती गैरहजर नव्हती. शेवटची ओळ होती: मी नसीमना शुक्रवारी सांगितलं होतं. शिकागोतली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे इथली शनिवारची पहाट.

कौसरने नसीमला फोन लावला.

“शनिवारी काय सांगतलं होतं तू मले?”

“तेच. की शिकागोवाल्याचा टाइम तोच.”

“कोनता तोच?”

“मगरिबनंतरचा. माया इथचा साडेचारचा.”

कौसरने यूसराची ओळ उघडली. तक्त्यात ‘तोच’ म्हणजे शिकागोचे सहा होते.

“बाजी, त्याइनं घड्याळ मागं घेतलं म्हनून सूर्य थांबते का तिथं?”

“हे मले चार चाळीसले सांगता येत नव्हतं?”

“सांगतच होती. तुमी म्हटलं, सिस्टम बराबर आहे, झोप.”

घडलं ते असं. अमेरिकेतली बावीस घरं घड्याळावर चालतात. शाळा सुटते, खेळाचा तास असतो, जेवण असतं. सहा म्हणजे सहा. यूसराच्या घराने मात्र पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की वर्ग मगरिबच्या नमाजनंतर हवा, आणि मगरिब सूर्य मावळला की होते. सूर्य रोज थोडा वेगळ्या वेळी मावळतो. म्हणून तिथल्या दर शुक्रवारी वर्गाच्या शेवटी आई आणि नसीम पुढच्या आठवड्याची वेळ ठरवत, नसीम ती कौसरला सांगे, आणि कौसर त्या ओळीत पाच-दहा मिनिटं मागेपुढे करी. हे घर एप्रिलमध्ये, मार्चचा गोंधळ होऊन गेल्यावर आलेलं. त्यामुळे घड्याळ आणि सूर्य एका रात्रीत तासभर वेगळे झाल्याचं या ओळीने कधी पाहिलं नव्हतं. शनिवारी शिकागोत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळला होता आणि रविवारी पावणेपाचच्या सुमारास, पण सूर्याच्या बाजूने काहीच बदललं नव्हतं. आई मुलीला घेऊन वेळेवर बसली. नसीम वेळेवर बसली. कौसरने महिनाभर खपून नीट केलेल्या तक्त्याने दोघींना दार उघडलं नाही.

आणि बरोबर चार चाळीसला नसीमने कौसरला फोन केला होता. लिंक हाताने काढून पाठवायला दोन मिनिटं लागतात. आई पाच पंचवीसपर्यंत, म्हणजे इथल्या चार पंचावन्नपर्यंत बसून होती. कौसरकडे पंधरा मिनिटं होती.

एजाज यांचा फोन नऊ वाजून पाच मिनिटांनी आला.

“बाजी, मेल पाह्यली मी. शिकागोची.”

“खोटी आहे थे. पोरगी हजर होती.”

“मालूम आहे. तिच्या अम्मीनं मलेबी लिहिलं. मी महिनाभर आधी बोललो होतो. बोललो होतो का नाई?”

“बोलले होते.”

“मंग झालं काय? नसीमनं टाइम बराबर नाई सांगतला का?”

इथे हो म्हटलं असतं तर फोन तिथेच संपला असता. नसीमचा शनिवारचा निरोप मोबाइलवर होता, आणि त्यात खरोखरच ‘टाइम तोच’ एवढेच शब्द होते.

“नसीमनं बराबर सांगतला,” कौसर म्हणाली. “मी घड्याळाचा धरला. आन् अजून एक. तिनं मले चार चाळीसले फोन केला होता. मी तिले झोप म्हटलं.”



“हे कायले सांगून राह्यल्या तुमी?”

“उद्या तुमाले तिच्याकडूनच मालूम पडन म्हनून.”

“अजब हो तुमी बी.” एजाज वैतागले होते, पण चढ्या आवाजात बोलले नाहीत. “हैदराबादवाले आज दुपारी फोन करनार आहेत. काय सांगू मी त्याइले?”

“त्याइले इचारा, मगरिबनंतर वर्ग पायजे असंन तर तुमी टाइम कसा टाकसान.”

“किती घरं आहेत अशी?”

“अमेरिकेत हे एक. ब्रिटनमधी चार. थे चार आज रात्री फसनार होते.”

ब्रिटनमधली घड्याळं आठवडाभर आधीच, २६ ऑक्टोबरला बदलली होती. पण त्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुटी होती आणि वर्ग बंद होते. त्यामुळे चूक तिथेही होती, फक्त कुणाला दिसली नव्हती. वर्ग आज सुरू होणार होते. चारही ओळींत सहा वाजताची वेळ होती आणि तिथे सूर्य साडेचारच्या आसपास मावळत होता.

एजाज यांनी फोन ठेवल्यावर कौसरने यंत्राची मदतीची पानं उघडली. मेल कधी सोडायची याचे पर्याय तिथे होते: ठरावीक तारीख, ठरावीक तास, मेल घेणाऱ्याच्या शहराची वेळ, कामाचे दिवस, सुट्या वगळून. दहा वाजता हरीओम सेंटर उघडायला आला, तेव्हा तिने त्यालाही बसवलं. त्याने पाऊण तास शोधलं.

“भाभी, सूर्य नाई याच्यात.”

“मी केव्हाची पाहून राह्यली. नाईच आहे.”

“दुसऱ्या कोनत्या सॉफ्टवेअरमंधी असंन. रोजचा सूर्यास्त काढून देनारे आहेत. पन मंग थे याले जोडा लागन.”

“कोन जोडन?”

“मी नाई,” हरीओम म्हणाला. “मले माफ करा. कोलकात्याचं अजून आयकून राह्यलो मी.”

साडेबारानंतर, ब्रिटनमध्ये लोक उठल्यावर, तिने चारही घरांना स्वतः टाइप करून मेल पाठवली: आज मगरिबनंतर वर्ग किती वाजता ठेवू? एकीचं उत्तर आलं, पावणेपाच. दोघींचं आलं, पाच. चौथीने लिहिलं, ‘पूर्वीसारखंच.’ कौसरने ते वाचून लॅपटॉप मिटला, बाहेर जाऊन पाणी पिऊन आली, लॅपटॉप उघडला आणि पुन्हा विचारलं: पूर्वीसारखं म्हणजे घड्याळाप्रमाणे की सूर्याप्रमाणे? वीस मिनिटांनी उत्तर आलं: सूर्याप्रमाणेच ना, मगरिब आहे.

चार वाजता एजाज यांचा दुसरा फोन आला. हैदराबादच्या माणसाशी बोलणं झालं होतं. त्याने म्हटलं होतं की ग्राहकाने वेळ निश्चित करून द्यावी. निश्चित वेळ नसेल तर ते काम त्यांच्या पद्धतीत बसत नाही.

“मंग?” कौसरने विचारलं.

“मंग असं करतो. अडतीस घरं डिसेंबरपासून हैदराबादले. मी जबान दिली होती, मले मागं घेता येत नाई. हे पाच तुमच्याकडं. हातानं. आन् पुढं मगरिबवाले जे येतीन थे बी तुमच्याकडं.”

“म्हंजे जे मशीन करते थे काम गेलं. आन् जे मशीनले जमत नाई थे राह्यलं.”

“असंच समजा.”

“पाह्यटं चारले उठनं माह्याकडं, आन् रातचे अकरा बी माह्याकडं.”

“नसंन जमत तर तसं सांगा. मी रागावनार नाई.”

तिने विचार करून सांगते म्हटलं. परवेज दुकानात एका पंपाचा वॉशर बदलत होता. त्याला तिने काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, “अडतीस घराचं तू महिनाभर नीट केलं, आन् फायदा हैदराबादले.” ती म्हणाली, “मालूम आहे.”

साडेपाचला तिनेच अकोल्याला फोन लावला. पाच घरं घेते म्हणाली, एका अटीवर. या पाच घरांना गैरहजेरीची मेल यंत्राने पाठवायची नाही. मूल आलं नाही तर आधी शिक्षिका तिला कळवेल, ती घरी विचारेल, आणि मगच काय लिहायचं ते लिहील. एजाज म्हणाले की मग त्यांच्याकडे प्रत येणार नाही. ती म्हणाली, नाही येणार. ते ठीक आहे म्हणाले.

मग तिने पाच ओळींतलं ‘स्वयंचलित’ हे बटण एकेक करून बंद केलं. प्रत्येक वेळी यंत्राने विचारलं: खात्री आहे का? यूसराच्या आईला तिने एक मेल लिहिली. चूक आमची होती, बुडालेला वर्ग शनिवारी भरून देऊ, आणि यापुढे लिंक मी स्वतः पाठवेन. नसीमला निरोप पाठवला: उद्यापासून यूसराचा वर्ग पुन्हा साडेचारला. त्यावर नसीमचं उत्तर आलं, “बाजी, मंग उद्या मी झोपू का नको?” कौसरने लिहिलं, “नको.”

रात्री सव्वादहा ते अकराच्या दरम्यान ब्रिटनचे चारही वर्ग लागले. चारही मुलं आली.

मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, यूसराचा वर्ग शिकागोच्या सोमवार संध्याकाळी पाचला, म्हणजे मंगरूळपीरच्या पहाटे साडेचारला आहे. त्याची लिंक कौसर पहाटे चार वाजता हाताने पाठवणार आहे.